कातळावरचा हात

“…मग माझी बारा वर्षं कुठं गेली, बाबा?”

सोमगिरीबाबा मठाच्या ओसरीवर पाय पसरून बसले होते. गुडघ्यांना करंजीचं तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं ठेवली होतीस?”

निळकंठ ओसरीची पायरी चढून त्यांच्यापुढं बसला.

निळकंठ हा बाबांचा थोरला शिष्य. बारा वर्षांपूर्वी घरदार सोडून या मठात आला, तो परत गेला नाही. संस्कृत येत होतं, आवाज गोड होता, उंचीनं ताडमाड. बाबांच्या मागं मठाची गादी त्याचीच, असं गावात सगळे धरून चालले होते. तोही धरून चालला होता.

दर चैत्रात गावाची कावड निघायची. एक लांब दांडा, त्याच्या मधोमध बांधलेल्या तांब्याच्या दोन मोठ्या घागरी, घागरींत नदीचं पाणी. पुढं एकाचा खांदा, मागं एकाचा. आठ दिवस चालायचं, नवव्या दिवशी डोंगर चढायचा आणि ते पाणी महादेवाच्या पिंडीवर घालायचं. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही.

पुढचा खांदा हा मान होता. चाळीस वर्षं तो बाबांचा होता. यंदा त्यांचे गुडघे राहिले.

आणि काल संध्याकाळच्या आरतीनंतर, सगळ्यांसमोर, बाबांनी पुढचा खांदा लिंबाजीला दिला.

लिंबाजी पाथरवट. तीन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन गावात आला. लोकांच्या जात्यांना टाकी घालून द्यायचा. मठात यायचा तेव्हा मागच्या खांबाला टेकून बसायचा, आणि आरतीतले निम्मे शब्द चुकीचे म्हणायचा.

“त्याला धड आरती येत नाही,” निळकंठ म्हणाला.

“नाही येत.”

“तुम्ही दर साली कावडीबरोबर गेलात. मागं मठ मी सांभाळला. दिवा मी विझू दिला नाही. एकदाही नाही.”

“खरं आहे.”

“मग?”

बाबांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“यंदा दिवा मी बघतो,” ते म्हणाले. “तू कावडीबरोबर जा. आल्यावर विचार.”

“त्या गर्दीत जाऊन मला देव भेटणार आहे का?”

“देव इथंच आहे. तू जा.”

…

निघाले तेव्हा चाळीसेक माणसं होती. निळकंठ सगळ्यांत मागं चालला. त्यानं आपला शिधा वेगळा घेतला होता, भांडं वेगळं, आसन वेगळं. त्याला कुणी काही म्हटलं नाही. मठातला माणूस, त्याचे नेम असणार, असं लोकांनी समजून घेतलं.

मागं चालण्याचा एक तोटा होता. समोर सारखा लिंबाजी दिसायचा.

लिंबाजीची चाल वेडीवाकडी होती. तो हरहर महादेव म्हणायचा तेव्हा त्याचा आवाज फाटायचा. दुपारच्या विसाव्याला तो कुणाच्याही गाठोड्यावर डोकं ठेवून झोपायचा आणि घोरायचा. निळकंठानं हे सगळं नीट पाहून ठेवलं. परत गेल्यावर बाबांना सांगायला लागेल म्हणून.

पण त्यानं आणखीही काही पाहिलं. ते बाबांना सांगण्यासारखं नव्हतं.

लोक लिंबाजीला “आरं लिंब्या” म्हणायचे. “लिंब्या, गाढवा, सावलीत हो की.” “लिंब्या, तुझं ध्यान कुठंय?” निळकंठाला मात्र सगळे “महाराज” म्हणायचे. वाट सोडून बाजूला व्हायचे, हात जोडायचे.

बारा वर्षांत त्याला “आरं” म्हणून कुणी हाक मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी माळावरून चालताना त्याच्या ध्यानात आलं, की त्याला लिंबाजीला पडणाऱ्या शिव्यांचाही हेवा वाटतो आहे. त्याला स्वतःची लाज वाटली. हेवा काही कमी झाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला फोड आला. फुटला. कुणाला दिसू नये म्हणून तो पाऊल सरळ टाकत राहिला.

त्याच दिवशी लिंबाजीलाही फोड आला. तो बघायला अकरा माणसं जमली. कुणी हळद दिली, कुणी चिंधी. सगुणाआत्या म्हणून एक म्हातारी बाई दर वर्षी कावडीबरोबर यायची. तिनं लिंबाजीचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला आणि त्याला तोंडभर बोलत बोलत पट्टी बांधली.

निळकंठ पाच हातांवर बसला होता. पाय धोतराखाली ओढून.

चौथ्या दिवशी वाटेतल्या एका गावानं कावड थांबवली. लोक हुलग्याच्या घुगऱ्या आणि गुळाचं पाणी घेऊन आले. बायकांनी पुढचा खांदा देणाऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. एक आजी काठी टेकत आली. निळकंठ वाटेत उभा होता. त्याला वाटलं, आपल्याच पाया पडायला येते आहे. त्यानं आशीर्वादाला हातही उचलला.

“जरा बाजूला व्हता का, म्हाराज,” आजी म्हणाली. “मागं कावडवाला हाय.”

तो बाजूला झाला.

त्या दुपारी लिंबाजी त्याच्यापाशी आला. खांदा सुजून तांबडा झाला होता. कावड दुसऱ्या एकाच्या खांद्यावर होती. मान लिंबाजीचा असला तरी वाटेत खांदे बदलायचेच. चाळीसांतला प्रत्येक जण थोडं थोडं चालत होता.

“म्हाराज, वाईच खांदा घेता का?” लिंबाजीनं विचारलं. “सगळ्यांनी घेतला. तुमीच ऱ्हायला.”

निळकंठाच्या खांद्याला त्या दांड्याची ओढ होती. चार दिवस होती. पण हा देणार आणि आपण घेणार…

“मी आलो तो चालायला,” तो म्हणाला.

लिंबाजी थोडा घुटमळला. मग म्हणाला, आरतीतली एक ओळ त्याची नेहमी चुकते, लोक हसतात. महाराजांनी ती एकदा सांगितली तर चालता चालता घोकता येईल.

“जमेल तशी म्हण,” निळकंठ म्हणाला. “देवाला चालतं.”

हे वाक्य कुणाही साधूच्या तोंडी शोभलं असतं. लिंबाजीला ते पटलंही. त्यानं नमस्कार केला आणि तो गेला. ते मनातून कुठून आलं होतं, हे फक्त निळकंठाला ठाऊक होतं.



…

नवव्या दिवशी सकाळी डोंगर आला.

डोंगराला दोन वाटा होत्या. एका अंगानं पायऱ्या होत्या, त्या वाटेनं म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका जायच्या. कावड मात्र घळीतून चढायची. घळ म्हणजे डोंगराला उभी चीर पडावी तशी वाट. दोन्ही बाजूंना कडा, पायाखाली सुटे दगड. आणि अगदी वर, तोंडाशी, दोन पुरुष उंचीचा एक गुळगुळीत कातळ. तो कुणालाच एकट्यानं चढता येत नसे. वरच्यानं हात द्यायचा, खालच्यानं खांदा द्यायचा, आणि मधल्यानं कावड सांभाळायची.

कावड आणि धडधाकट माणसं घळीकडे वळली. निळकंठ पायऱ्यांकडे वळला.

त्यानं मनाशी ठरवलं होतं. आपण एकटे, कुणाचाही हात न घेता, सगळ्यांच्या आधी वर पोचायचं. देवळापुढं उभं राहायचं. घळीतून धापा टाकत, एकमेकांना धरत लोक वर येतील, तेव्हा त्यांना आपण दिसलो पाहिजे.

तो वर पोचला तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. सगळं त्यानं योजलं तसंच झालं होतं. फक्त त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं. वर जमलेली सगळी माणसं घळीच्या तोंडाशी होती.

ती वेगवेगळ्या गावांची होती. कुणाच्या कावडी वर येऊन गेल्या होत्या, कुणाच्या यायच्या होत्या. पण आपलं काम झालं म्हणून कुणी निघून गेलं नव्हतं. कातळाच्या माथ्यापासून मागं माणसांची साखळी धरली होती. एकाच्या कमरेला दुसऱ्याचे हात, दुसऱ्याच्या कमरेला तिसऱ्याचे.

एका म्हाताऱ्यानं निळकंठाला पाहिलं. तो याला ओळखत नव्हता. महाराज वगैरे काही म्हणाला नाही.

“आरं, मोकळा काय हुबा ऱ्हायलास? एवढे लांब हात दिलेत देवानं. हो म्होरं.”

आणि त्यानं निळकंठाला दंडाला धरून साखळीच्या अगदी टोकाला, कातळाच्या काठावर उभं केलं.

निळकंठ वाकला. खाली घळ होती. घळीत हरहर महादेवचा घोष कोंडला होता. आणि खालून, दगड तुडवत, जी कावड वर येत होती ती त्याच्याच गावाची होती.

पुढच्या खांद्याला लिंबाजी होता.

तो कातळाशी आला. डाव्या हातानं त्यानं दांडा धरला होता. खालच्या दोघांनी त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेतले. तो वर झाला, त्यानं उजवा हात वर केला आणि मान वर केली. तेव्हा त्याला निळकंठ दिसला.

लिंबाजीचा चेहरा उजळला.

“तुमी हाय व्हय वर, म्हाराज?” तो म्हणाला. “मग झालं.”

निळकंठानं त्याचं मनगट धरलं. लिंबाजीनं त्याचं धरलं. छिन्नी-हातोड्यानं घट्टे पडलेला तो हात होता. लिंबाजीनं खालच्यांच्या खांद्यांवरचे पाय उचलले आणि सगळा भार त्या एका हातावर टाकला. आपला, घागरींचा, पाण्याचा.

खाली कावडीबरोबरची माणसं होती. त्यांच्याखाली दगड.

आणि तेव्हा निळकंठाच्या मनात एक गोष्ट आली. फार साधी होती ती. इतकी साधी, की ती येते आहे हे त्याला कळलंही नाही.

कातळ ओला होता. आधीच्या घागरींतलं पाणी सांडलेलं. हाताला घाम होता. अशा ठिकाणी हात निसटतात. कुणी काही म्हणणार नाही…

त्याची बोटं सैल झाली.

लिंबाजीचा हात तसूभर खाली सरकला. त्याची नजर वरच होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी निळकंठाच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. पाठीवर कुणाचं तरी कपाळ टेकलं. कुणाचा तरी गरम श्वास.

“वढा,” मागचा माणूस म्हणाला. “म्या धरलंय तुमास्नी.”

निळकंठाची बोटं मिटली. त्यानं ओढलं. इतक्या जोरानं, की लिंबाजी, कावड, घागरी, सगळं त्याच्या अंगावरच आलं. लगेच बाजूच्या दहा हातांनी दांडा पेलला. पाण्याचा थेंब सांडला नाही.

तो उठून मागं वळला, तोपर्यंत साखळी मोडली होती. जो तो ज्याला त्याला मिठी मारत होता. आपल्या कमरेला कोण होतं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

…

पिंडीवर पाणी घातल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडले. तशी रीतच होती. लहान-मोठं, बाई-पुरुष बघायचं नाही, जो समोर येईल त्याच्या पाया पडायचं. लिंबाजी निळकंठाच्या समोर आला आणि वाकला.

निळकंठाचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. तिथं चार बोटं उठली होती. तांबडी. त्यांच्या वर, जिथं पहिली पकड होती, तिथं कातडी खरवडली होती.

लिंबाजी उठला आणि पुढच्या माणसाच्या पाया पडायला वळला.

परतीच्या वाटेवर निळकंठाचा शिधा संपला. सगुणाआत्यानं न विचारता त्याच्या हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा ठेवला, आणि टाच बघून त्याला झापलं. इतके दिवस पाय लपवून चालणारा असला खुळा तिनं पाहिला नव्हता, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला. बघायला माणसं जमली.

निळकंठाला ज्याचा हेवा वाटला होता ते सगळं आता त्याला मिळत होतं. आणि भाकरीचा एकेक तुकडा तो नुसता हातात धरून बसत होता.

कारण प्रत्येक मुक्कामाला लोक कातळाची गोष्ट सांगायचे. महाराजांनी लिंबाजीला कसा ओढला. एका हातानं. घागरींसकट. वाटेतल्या गावांनी ती गोष्ट ऐकली, त्यांनी पुढच्या गावांना सांगितली. परतताना त्या काठीवाल्या आजीनं निळकंठाच्या पायांवर पाणी घातलं.

आणि ती गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगायचा तो लिंबाजी.

“मी म्हनलं, आता आपलं काय खरं न्हाई,” तो सांगायचा. “आन् वर बगतो तर म्हाराज.”

इतकं सांगून तो थांबायचा. लोक हसायचे, निळकंठाच्या पाठीवर थापा मारायचे. निळकंठ जमिनीकडे बघत बसायचा.

…

गावात पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निळकंठ बाबांपुढं जाऊन बसला. सकाळभर तो नदीवर होता. मठात यायचं त्याला धाडस झालं नव्हतं.

बाबा ओसरीवर वाती वळत होते.

“तुझा एक प्रश्न राहिला होता,” ते म्हणाले.

“तो आता नाही.”

बाबांनी एक वात वळली. दुसरी वळायला घेतली.

“मग?”

“बाबा, लोक सांगतात ते तुमच्या कानावर आलं असेल. कातळावरचं.”

“आलं.”

“ते तसं नाही…”

बाबा वाट बघत राहिले.

“माझा हात सैल झाला होता,” निळकंठ म्हणाला. “झाला नव्हता. मी केला होता.”

बाबांचे हात थांबले.

“किती?”

“एका श्वासाइतका.”

“मग धरलास कसा?”

“मागून कुणीतरी मला धरलं होतं.”

“कोण?”

“माहीत नाही. ओळखीचं नव्हतं कुणी.”

“त्याला तुझ्या मनातलं ठाऊक होतं?”

“नाही… त्यानं नुसतं धरलं होतं.”

ओसरीवर चिमण्या आल्या, गेल्या.

मग निळकंठानं सगळं सांगून टाकलं. गादी नको, असं तो म्हणाला. मठात राहायची आपली लायकी नाही. बाबा म्हणतील तिथं जाऊन तो राहील, पण पुन्हा कावडीबरोबर जाणार नाही. कुणाचा जीव पुन्हा आपल्या हातात नको. आणि आज संध्याकाळी आरतीच्या वेळी, सगळ्यांसमोर, लिंबाजीला हे सांगायचं आहे. त्यानं थोबाडीत मारली तरी चालेल.

बाबांनी वळलेल्या वाती ताटलीत ठेवल्या.

“लिंबाजी सकाळीच येऊन गेला,” ते म्हणाले.

निळकंठानं मान वर केली.

“हात सैल झाला ते त्याला तिथंच कळलं होतं. का झाला, तेही. तुझ्या तोंडाकडेच बघत होता तो.”

“तिथंच…? मग वाटभर तो…”

निळकंठानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

“काय म्हणाला तो, बाबा?”

बाबा भिंतीला धरून उठले. दाराशी जाऊन थांबले.

“म्हणाला, पुढल्या साली कातळावर दुसरं कुणी नको. महाराजांनाच उभं करा.”